जर्मन क्रियापदाचे स्थान आणि वैदिक उपसर्ग : एका साम्याचा इतिहास

सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा परिसर ह्यांस माणदेश म्हणण्याचा प्रघात आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात मोडत असे. आणि संस्थानच्या राजधानीचे औंध हे गाव माणला लागून असलेल्या खटाव तालुक्यात आहे. ह्या औंधास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर ह्यांनी १९१८ साली स्वाध्याय मंडळ स्थापिले आणि १९४८ साली पारडी येथे स्थलांतर करीपर्यंत वैदिक संहितांच्या प्रकाशनाचे कार्य तेथूनच चालविले. ऋग्वेदाच्या सस्वर संहितेत अक्षरांच्या वर उभ्या व खाली आडव्या अशा ज्या बारीक रेषा असतात, त्यांकडे सामान्यतः पठणाचे साधन म्हणून पाहिले जाते. जर्मन वाक्यरचनेच्या एका जुन्या प्रश्नावरही ह्या रेषांचा प्रकाश पडतो. तो किती पडतो आणि कोठे थांबतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. जर्मनमध्ये 'आन्कोमेन' म्हणजे येऊन पोहोचणे. त्यात 'आन्' हा उपसर्ग व 'कोमेन' हे मूळ क्रियापद. 'तो आज येऊन पोहोचतो' हे प्रधान वाक्य 'एर कोम्ट हॉयटे आन्' असे होते. क्रियापद दुसऱ्या स्थानी येते आणि उपसर्ग त्यापासून तुटून वाक्याच्या अखेरीस जातो. तेच वाक्य 'वेन', म्हणजे 'जर' किंवा 'जेव्हा', ह्या अव्ययाने गौण झाले म्हणजे 'वेन एर हॉयटे आन्कोम्ट' असे रूप येते. क्रियापद शेवटी जाते आणि उपसर्ग पुन्हा त्यास जोडला जातो. सर्वच उपसर्ग असे तुटत नाहीत. ज्यावर आघात असतो तोच तुटतो. 'यूबरझेत्सेन' हा शब्द उपसर्गावर आघात देऊन उच्चारला तर 'पलतीरी नेणे' असा अर्थ होतो व उपसर्ग विलग होतो. धातूवर आघात दिला तर 'भाषांतर करणे' असा अर्थ होतो व उपसर्ग जागचा हलत नाही. म्हणजे आघात, उपसर्गाची विलगता आणि वाक्याचा प्रकार ह्या तीन गोष्टी येथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

ह्या तिन्हींची सांगड वैदिक भाषेतही आढळते. 'आ' हा उपसर्ग आणि 'गम्' हा धातू घेऊ. प्रधान वाक्यात 'आ' हा उदात्त असून स्वतंत्र पद असतो. त्याच्या व क्रियापदाच्या मध्ये दोनचार पदे सहज येऊ शकतात आणि क्रियापद, ते वाक्यारंभी नसल्यास, निःस्वर असते. 'यत्', 'यदि', 'यदा' अशा पदांनी युक्त गौण वाक्यात मात्र क्रियापद स्वर धारण करते आणि 'आ' आपला स्वर गमावून बहुधा त्यासच चिकटतो. पदपाठकारांनीही हा भेद जपलेला आहे. प्रधान वाक्यातील उपसर्ग ते निराळे पद म्हणून देतात. गौण वाक्यातील जोडलेला उपसर्ग सामान्यतः क्रियापदासह एकच पद मानून केवळ अवग्रहाने दाखवितात.

पाणिनीने ह्या व्यवस्थेचे सूत्रबद्ध वर्णन केलेले आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात (सूत्रे ८० ते ८२) उपसर्ग धातूच्या पूर्वी येतो हा नियम असून, वेदात तो धातूनंतर किंवा व्यवधानानेही येतो, अशी सवलत आहे. क्रियापदाचा निघात, 'यत्' इत्यादींच्या योगात त्या निघाताचा निषेध आणि उदात्तयुक्त क्रियापदापूर्वी उपसर्गाचे अनुदात्तत्व हे विषय आठव्या अध्यायाच्या पहिल्या पादात (सूत्रे २८, ३०, ६६ व ७१) आलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्वानांना हे साम्य जाणवले नसते तरच नवल. बेर्टोल्ड डेलब्रूक ह्यांचा वैदिक वाक्यविचारावरील मोठा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९२ साली, याकोब वाकरनागेल ह्यांनी इंडो-युरोपीय शब्दक्रमाच्या एका नियमावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. निःस्वर पदे वाक्यात दुसऱ्या स्थानी येतात, हा तो नियम. वेदात प्रधान वाक्यातील क्रियापद निःस्वर असते. म्हणून तेही मूळ भाषेत दुसऱ्या स्थानी येत असले पाहिजे आणि जर्मन वाक्यात आजही तीच स्थिती टिकून आहे, असे अनुमान त्यांनी मांडिले. गौण वाक्यातील सस्वर क्रियापद मात्र शेवटीच राहिले. एका स्वरनियमातून दोन खंडांतील दोन भाषांचा उलगडा व्हावा, ही कल्पना मोहक आहे ह्यात शंका नाही.

तथापि तिच्याविरुद्ध तीन आक्षेप घ्यावे लागतात. पहिला खुद्द वेदाचाच. तेथे प्रधान वाक्यातील क्रियापद निःस्वर असूनही त्याचे नेहमीचे स्थान वाक्याच्या अखेरीचेच आहे. दुसरा आक्षेप जर्मानिक पुराव्याचा. डेन्मार्कमधील गालेहुस येथे १७३४ साली सापडलेल्या सुवर्णशृंगावरील, सुमारे पाचव्या शतकाच्या आरंभीच्या, रूनलिपीतील लेखात एकच प्रधान वाक्य आहे आणि त्यात क्रियापद शेवटी आहे. तिसरा आक्षेप आघाताचा. वैदिक उपसर्ग गौण वाक्यात स्वर गमावतो. जर्मनमधील विलग होणारा उपसर्ग दोन्ही प्रकारच्या वाक्यांत आघात राखून असतो. ह्यावरून क्रियापदाचे दुसरे स्थान ही जर्मानिक भाषांतील मागाहून झालेली घडामोड ठरते. इसवी सन ८०० च्या सुमारास झालेल्या इसिडोरच्या जुन्या जर्मन भाषांतरात प्रधान व गौण वाक्यांतील भेद दिसू लागला असला, तरी गौण वाक्यात क्रियापद शेवटीच असावे, हा नियम पक्का होण्यास सोळावे-सतरावे शतक उजाडावे लागले.

मग वारसा कशाचा म्हणावयाचा? उपसर्गाच्या स्वातंत्र्याचा. चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या गॉथिक बायबलात प्रश्नार्थक अव्यय उपसर्ग व क्रियापद ह्यांच्या मध्ये शिरते. म्हणजे ती दोन पदे आहेत ही जाणीव तेथेही जिवंत होती. संस्कृतात ती पाणिनीच्या काळीच लोकभाषेतून गेली होती. मराठीपर्यंत येता येता उपसर्ग धातूत इतका मुरला की 'उठणे', 'आणणे', 'उतरणे', 'बसणे' ह्या शब्दांत तो आहे हे सांगावे लागते. त्याचे काही कार्य मराठीत मागून येणाऱ्या सहायक क्रियापदाकडे गेले. 'निघून जा', 'उठून बस' अशा जोड्यांत 'च' किंवा 'तरी' मध्ये घालून 'उठून तरी बस' असे आपण म्हणतो, तेव्हा गॉथिकमधील त्या अव्ययाची आठवण होते. हे केवळ साधर्म्य होय, नाते नव्हे; हा विवेक राखणे हेच इतिहासाचे काम आहे.

ह्या चर्चेस अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. सातारा येथे जन्मलेल्या रा. ना. दांडेकरांनी १९३८ साली हायडेलबर्ग येथे जर्मनमध्ये वैदिक विषयावर प्रबंध सादर केला, त्यापूर्वी वि. सी. सुकथनकर बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स ह्यांच्यापाशी शिकले होते. जर्मन आणि वेदविद्या एकाच अभ्यासकाच्या ठिकाणी एकत्र येण्याची परंपरा आपल्याकडे अशी होती. आपला आजचा विद्यार्थी मात्र पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जातो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याजवळ असते. म्हणून जर्मन गौण वाक्य हा त्यास अपवाद वाटतो आणि तुटणारा उपसर्ग लहर वाटते. वस्तुतः मराठीत क्रियापद दोन्ही वाक्यांत शेवटी असते. 'जर तो आज येऊन पोहोचला' आणि 'वेन एर हॉयटे आन्कोम्ट' ह्यांतील पदांचा क्रम एकच आहे. १९६२ साली एमन बाख आणि १९६३ साली मान्फ्रेड बीरविश ह्यांनी जर्मनचा मूलक्रम क्रियापदान्तच मानिला आणि प्रधान वाक्यातील क्रम त्यावरून साधून दाखविला. म्हणजे अपवाद वाटणारे गौण वाक्य हाच पाया ठरला. त्यातून क्रियापद उचलून दुसऱ्या स्थानी नेले की उपसर्ग मागे एकटा उरतो. तो तुटून शेवटी जातो असे आरंभी म्हटले ते रूढ पाठ्यपुस्तकांच्या भाषेस अनुसरून; वस्तुतः तो आपल्या जागीच राहिलेला असतो.

ह्या क्रमाने शिकविल्यास मराठी विद्यार्थ्यास जर्मन वाक्याची गौण बाजू घरचीच वाटेल आणि केवळ प्रधान बाजू नव्याने शिकावी लागेल. वेदाचे अध्ययन केलेल्यास उपसर्गाचे विलग होणेही अपरिचित वाटणार नाही. साम्य कोठे संपते हे मात्र त्यास त्याच वेळी दाखविले पाहिजे. एरवी संहितेतील त्या बारीक रेषा जे सांगत नाहीत तेही आपण त्यांच्या तोंडी घालू.