वनवासानंतरची खुर्ची

‘एक्झाइल’ला मराठी प्रतिशब्द कोणता घ्यावा, यावर अनुवाद करताना मी दरवेळी अडते. ‘हद्दपारी’त सरकारी हुकूम ऐकू येतो, ‘परागंदा’त पळून गेल्याचा डाग असतो. ‘वनवास’ जवळचा वाटतो, पण त्याच्या शेवटी राज्याभिषेक ठरलेला असतो. फ्रेनी जिनवाला यांचं चरित्र वाचताना तिन्ही शब्द आठवतात आणि तिन्ही अपुरे पडतात.

जिनवाला १९३२ साली जोहान्सबर्गच्या एका पारशी कुटुंबात जन्मल्या. १९६० मध्ये शार्पव्हिलच्या गोळीबारात ६९ माणसं मारली गेली आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. नेत्यांना देशाबाहेर काढण्याच्या कामात जिनवाला होत्या. पुढे त्यांनाही परत जाता आलं नाही. दार-ए-सलाममध्ये त्यांनी ‘स्पिअरहेड’ हे नियतकालिक काढलं. १९६३ मध्ये तिथूनही त्यांना घालवलं गेलं. १९७० मध्ये न्येरेरेंनी राष्ट्रीयीकृत ‘स्टँडर्ड’च्या संपादनासाठी त्यांना परत बोलावलं, पण सुदानमधल्या फाशीवर टीका करणाऱ्या अग्रलेखानंतर १९७१ मध्ये ती खुर्चीही गेली.

त्या १९९१ मध्ये मायदेशी परतल्या. वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रियांना एकत्र आणणारी आघाडी उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९९४ च्या संसदेत चारशेपैकी शंभरावर स्त्रिया निवडून आल्या आणि साडी नेसणाऱ्या जिनवाला सभापती झाल्या.

चेन्नईत हे लिहिताना डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची आठवण अटळ आहे. १९२७ साली त्या मद्रास विधान परिषदेच्या उपाध्यक्ष झाल्या, आणि १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी सदस्यत्व सोडलं. त्या खुर्चीतून चळवळीकडे गेल्या. जिनवाला चळवळीतून खुर्चीकडे आल्या. ही दुसरी वाट अधिक अवघड असावी. तीस वर्षं पक्षच घर होता. आता त्याच पक्षाच्या सरकारला जाब विचारणाऱ्यांचंही रक्षण करायचं होतं.

२००० च्या अखेरीस शस्त्रखरेदीचं प्रकरण पेटलं. चौकशीत न्यायमूर्ती हीथ यांच्या पथकाला घ्यावं, असा संसदेचा आदेश नाही, असं जिनवालांनी जाहीर केलं. त्यांनी सरकारची पाठराखण केली, हा विरोधकांचा आरोप पुसला गेला नाही. २००८ मध्ये मात्र मुख्य सरकारी वकील वुसी पिकोली यांच्यासंबंधीच्या चौकशीत त्यांनी त्यांना पदास योग्य ठरवलं. सरकारला आपलं म्हणणं सिद्ध करता आलं नाही, असा निष्कर्ष काढला. तरीही पिकोलींना काढण्यात आलं.

जिनवाला २०२३ मध्ये गेल्या. या दोन निर्णयांपैकी एकच सांगितला, तर त्यांचं चरित्र सोपं होतं आणि खोटंही. परतणं एका दिवसात होत नाही; घर मानलेल्या पक्षापासून दूर उभं राहायला शिकणं हाही परतीचाच प्रवास असतो. त्यासाठी मराठीत एकच शब्द मला अजून सापडलेला नाही.