१४. देवाचा दरबार
‘टिळक दरबारात गेले’ म्हणजे राजदरबारी नोकरीला लागले, असे कोणी समजू नये. इथले टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). दापोली तालुक्यातले करजगाव हे त्यांचे जन्मगाव. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी शिकवले, उपदेश केला, ‘ज्ञानोदय’ नियतकालिकासाठी लिहिले. या कामातच त्यांच्या श्रद्धेला देशी वळण मिळाले. समोरचा श्रोता अभंग-कीर्तनावर वाढलेला. परक्या चालीची भाषांतरित गीते त्याच्या गळी कशी उतरणार? टिळक स्वतः अभंग रचू लागले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. अखेर १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे मज्जाव नव्हता.