असत्य मजकुराचा कायदा

निवडणुकीच्या धामधुमीत खोट्या मजकुरास आळा बसावा, असे कोणास वाटणार नाही? अडचण उभी राहते ती खरेखोटे ठरवावयाचे कसे व कोणी, या ठिकाणी.

अमेरिकेच्या काँग्रेसने १७९८ च्या जुलैत याविषयी एक कायदा केला. फ्रान्सशी युद्ध जुंपण्याची भीती होती आणि अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा फेडरलिस्ट पक्ष सत्तारूढ होता. सरकार, काँग्रेस वा अध्यक्ष यांजविरुद्ध खोटा व द्वेषमूलक मजकूर छापणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार डॉलरपर्यंत दंड व्हावयाचा होता. तत्कालीन इंग्रजी कायद्याहून तो सौम्यच म्हटला पाहिजे. कारण आपले विधान खरे असल्याचे सिद्ध करण्याची मुभा आरोपीस होती व निर्णय ज्यूरीकडे होता.

मात्र संरक्षण दिलेल्यांच्या यादीत उपाध्यक्ष नव्हते. ते पद विरोधी पक्षाच्या टॉमस जेफर्सन यांजकडे होते! १८०० च्या निवडणुकीच्या ऐन रंगात जेफर्सन निवर्तल्याची वार्ता छापून आली. ती धादांत खोटी होती. परंतु या कायद्याचा तिला स्पर्शही होण्याजोगा नव्हता.

उलट, अध्यक्षांस डामडौलाची हाव सुटली आहे, इत्यादी मजकुराबद्दल व्हर्मांटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांस १७९८ सालीच चार महिने कैद व एक हजार डॉलर दंड झाला होता. हाव सुटली की नाही, हे साक्षीपुराव्याने शाबीत कसे करावयाचे? ते मत होते. वस्तुस्थितीचे विधान नव्हे. पुढे जेम्स कॅलेंडर या लेखकाच्या खटल्यात न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांनी बचावाचा एक साक्षीदारच नाकारला. कारण काय, तर तो संपूर्ण विधान सिद्ध करू शकत नव्हता, त्याचा काही भागच काय तो करू शकत होता.

लायन तुरुंगात असतानाच मतदारांनी त्यांस पुन्हा निवडून दिले. १८०१ साली जेफर्सन व बर यांस समसमान मते पडून निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, तेव्हा व्हर्मांटचे मत जेफर्सनांच्या पारड्यात टाकणारे हेच लायन! त्याच मार्चात कायद्याची मुदत संपली. १८४० साली काँग्रेसने लायन यांच्या वारसांस दंडाची रक्कम व्याजासह परत केली.

इंग्लंडने १८९५ साली अरुंद वाट धरली. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी वस्तुस्थिती म्हणून केलेले खोटे विधान तेवढे निषिद्ध. धोरणावरील टीका कितीही झोंबणारी असो, मोकळी. भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम याच वळणाचे आहे, आणि विधान करणाराचा स्वतःचाच त्यावर विश्वास नसला पाहिजे, अशी अट तेथेही आहे.