गळ, वजनकाटा आणि जिवंत मासा

मासेमारी म्हटली की जाळे, होडी आणि बाजार या तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. मात्र दिवसभर काठी धरून पाण्याकाठी बसणारा आणि संध्याकाळी मुद्दाम रिकाम्या हाताने घरी परतणारा आणखी एक वर्ग आहे. तो हौशी गळकऱ्यांचा. कोकणात गळाने मासे पकडण्याला ‘गरवणे’ म्हणतात. या गरवण्याला नियम, वेळ आणि वजनकाटा यांची जोड मिळाली की त्याची स्पर्धा होते. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची जुनी संस्था आहे. लोकलने गाठता येणारे गोडे पाणी शोधणाऱ्या मुंबईकराची नजर साहजिकच कर्जत आणि खालापूर तालुक्यांकडे वळते. अशा पाण्यावर कार्प माशांची स्पर्धा म्हणजे नेमके काय, तिच्यात स्पर्धकाचा दिवस कसा जातो आणि ती भरविण्यापूर्वी कोणते प्रश्न सोडवावे लागतात, याचा हा आढावा.

मासे कोणते, पाणी कुठले?

कार्प हे एका माशाचे नव्हे, तर मोठ्या कुळाचे नाव आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे भारतीय प्रमुख कार्प मूळचे उत्तरेकडील नद्यांतले. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी कटक येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे मत्स्यबीज हवे तेव्हा तयार करता येऊ लागले आणि देशभरातील तलावांत हे मासे पोहोचले. मच्छीमार ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात, तो कॉमन कार्प परदेशी आहे. तो 1939 मध्ये निलगिरीत आणि 1957 मध्ये बँकॉकहून अशा दोन खेपांत भारतात आला. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प आणि गवत्या म्हणजे ग्रास कार्प हे 1959 मध्ये आले.

कर्जत-खालापूरच्या नद्यांना सह्याद्रीच्या माथ्यावरील जलाशयांची साथ आहे. टाटा कंपनीचे खोपोली वीजगृह 1915 मध्ये, तर भिवपुरी वीजगृह 1922 मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी वीजनिर्मितीनंतर खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीजवळ पेज नदीला मिळते. पेज पुढे उल्हासला जाऊन मिळते. उन्हाळ्यात कोकणातील बहुतेक नद्या आटतात, तेव्हाही या पात्रांत पाणी खेळते ते यामुळेच. मात्र निर्मिती सुरू होताच पाण्याची पातळी वाढते. पात्रातल्या खडकावर बसणाऱ्याने हे सदैव ध्यानात ठेवावे लागते. स्पर्धेसाठी म्हणूनच नदीपेक्षा तलाव अधिक सोयीचा ठरतो. तेथे सर्वांना सारखे पाणी मिळते आणि पंचांना देखरेख करणे सोपे जाते.

सोडतीपासून शिट्टीपर्यंत

स्पर्धेच्या दिवसाची सुरुवात पहाटे सोडतीने होते. काठावर ठरावीक अंतरावर क्रमांकाचे खुंट रोवलेले असतात. चिठ्ठीत जो क्रमांक येईल, तीच त्या दिवसाची जागा. कोणाच्या वाट्याला झाडाची सावली आणि खोल पाणी येते, तर कोणाच्या वाट्याला उघडा, उथळ काठ. नशिबाचा भाग तेथे संपतो.

पहिल्या शिट्टीपूर्वी काठी जोडणे, रिळावरचा दोरा तपासणे, पाण्याची खोली मोजणे आणि आमिष कालवणे ही तयारी होते. कणकेचे गोळे, पाव, मका, शेंगदाण्याची पेंड आणि गांडूळ ही नेहमीची आमिषे. गळ टाकण्याआधी त्या जागी थोडे खाद्य टाकून मासे जमवावे लागतात. खाद्य फार झाले तर मासे पोट भरून निघून जातात, कमी पडले तर फिरकत नाहीत. जाणकार म्हणूनच मूठ-मूठ, पण नियमितपणे खाद्य टाकत राहतात.

गळ किती खोल ठेवायचा, हे माशाच्या तोंडावरून ठरते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, त्यामुळे तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. कॉमन कार्पच्या तोंडापाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यांच्या साह्याने तो चिखल उकरून अन्न शोधतो. कार्प कुळातील माशांची श्रवणशक्तीही तीक्ष्ण असते. हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी छोट्या हाडांची साखळी त्यांच्या शरीरात असते. काठावर पाय आपटला तरी त्याची चाहूल पाण्यात जाते. स्पर्धेच्या काठावर शांतता पाळण्याचे कारण हेच.

तरंगणारा फ्लोट बुडाला की काठी उचलायची. मोठा मासा दोरा ताणून पळतो, त्याला ओढून न आणता दमवून जवळ आणावे लागते. शेवटी लांब दांड्याच्या झोळीत घेऊन तो काठावर येतो. पाच-सहा तासांनी अखेरची शिट्टी होते आणि सर्व गळ बाहेर काढले जातात.

वजनाचा हिशेब

अशा स्पर्धेत बहुधा एकूण वजन मोजले जाते. पाच किलोचा एकच मासा पकडणाऱ्यापेक्षा दोन-दोन किलोचे तीन मासे पकडणारा पुढे राहतो. त्यामुळे एका मोठ्या माशासाठी दिवसभर थांबायचे, की लहान माशांवर सातत्याने वजन वाढवायचे, हा निर्णय प्रत्येकाला स्वतःच घ्यावा लागतो.

इंग्लंडमधील अनेक स्पर्धांत पकडलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत ठेवून अखेरीस एकदम तोलतात. कोकणच्या उन्हात ही पद्धत जशीच्या तशी उचलणे धोक्याचे आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. पिशवीत दाटीने राहिलेले मासे गुदमरतात. येथे प्रत्येक मासा पकडताच पंचासमोर तोलून, नोंद करून लगेच सोडणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

मासा सोडला म्हणजे तो जगलाच, असेही नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो. कोरड्या हाताने किंवा तापलेल्या खडकावर ठेवून हाताळल्यास तो थर निघतो. हात ओले करणे, मासा ओल्या गादीवर ठेवणे, कल्ल्यात बोटे न घालणे आणि छायाचित्रासाठी वेळ न दवडणे हे साधे नियम आहेत. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात काढून टाकलेला असेल, तर तो अलगद सुटतो. अनेक कार्प तलावांवर असाच गळ सक्तीचा असतो.

पाणी कोणाचे?

हौशी मंडळींच्या नजरेतून सर्वाधिक सुटणारा प्रश्न हा आहे. महाराष्ट्रातील जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. त्यात बोटुकली सोडण्याचा खर्च झालेला असतो आणि पकडलेल्या माशावर सभासदांची कमाई अवलंबून असते. नदीकाठच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांसाठी मासा हा छंद नसून रोजच्या जेवणाचा भाग आहे. काही जलाशय पिण्याच्या पाण्याचे आहेत. नवी मुंबईला पाणी पुरवणारे मोरबे धरण खालापूर तालुक्यातच आहे. संबंधित संस्थेची आणि धरणाच्या यंत्रणेची लेखी परवानगी घेणे, प्रवेश शुल्काचा वाटा स्थानिक संस्थेला देणे, ही स्पर्धेची पहिली पायरी ठरायला हवी.

पावसाळा हा स्पर्धेचा काळ नव्हे. पहिल्या पावसात नदीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढ्या-शेतांत चढतात. वलगणीचे मासे म्हणून त्यांची रायगडात ख्याती आहे. या दिवसांत गाभोळी भरलेली मादी पकडणे म्हणजे पुढच्या हंगामाचे मासे आजच काढून घेणे होय.

तलावात अधिक मासे हवेत म्हणून हौसेने बाहेरचे बीज सोडण्याचा मोहही आवरावा लागतो. याचा धडा खोपोलीच्याच डोक्यावर, लोणावळ्याजवळ मिळतो. तेथील टाटांच्या वळवण केंद्रात 1970 च्या दशकापासून दख्खनी महसीर, म्हणजे खडशी, या कार्प कुळातील माशाचे बीज तयार करण्यात आले. जाती वाचविण्याचा तो मोलाचा प्रयत्न होता. पण हे बीज कावेरीतही सोडले गेले. तेथे खडशी वाढली आणि कावेरीच्या खोऱ्याखेरीज कोठेही न आढळणारा कुबड्या महसीर मागे पडत गेला. 2018 मध्ये या कुबड्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. चांगल्या हेतूने सोडलेला मासाही चुकीच्या नदीत नुकसान करू शकतो, हे यातून दिसून आले.

कर्जत-खालापूरमध्ये स्पर्धा भरविणाऱ्यांनी त्यामुळे पारितोषिकांच्या यादीआधी चार कागद तयार ठेवावेत: पाण्याच्या मालकाची परवानगी, स्थानिक संस्थेशी झालेला करार, मासा हाताळण्याचे नियम आणि वजनाच्या नोंदीशेजारी ‘जिवंत सोडला’ असा रकाना असलेली पंचांची वही. तो रकाना भरल्याशिवाय वजन धरायचे नाही, एवढा एक नियम केला तरी पुढच्या वर्षी त्याच तलावावर पुन्हा सोडत काढता येईल.