खाडीकाठचे शंभर मीटर : भारतातील किनारा-नियमनाचा ऐतिहासिक आढावा (१९८१-२०१९)

भारतातील किनारा-नियमनाचा इतिहास सामान्यतः पाचशे मीटरच्या आकड्याभोवती सांगितला जातो. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या कमाल रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्याची सूचना केली. त्या सूचनेला कायद्याचे बळ मिळाले ते १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये निघालेल्या किनारपट्टी नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेने. तथापि पुराचा प्रश्न खुल्या किनाऱ्यापेक्षा खाडीत अधिक बिकट होतो, कारण तेथे पावसाचे उतरते पाणी आणि भरतीचे चढते पाणी समोरासमोर येतात. म्हणून या नियमनाची कसोटी खाडीकाठच्या अंतरावर लावून पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

मूळ अधिसूचनेनुसार नदी व खाडीच्या काठी हे अंतर प्रकरणपरत्वे कमी करता येत असे. परंतु १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल त्याच्या खाली नाही. पर्यटन व हॉटेल व्यवसायाच्या मागण्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या बी. बी. व्होरा समितीनंतर, ऑगस्ट १९९४ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५० मीटरवर आणली. ‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अ‍ॅक्शन’ या संस्थेच्या याचिकेवर १८ एप्रिल १९९६ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली. याच खटल्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. राज्यांनी एका वर्षात तयार करावयाचे किनारा व्यवस्थापन आराखडे पाच वर्षे लोटली तरी पूर्ण झाले नव्हते. रेषा कायद्यात होती, जमिनीवर नव्हती.

शहरी भागात तर भरतीरेषेची जागा बऱ्याच अंशी रस्त्याने घेतली. आधीच विकसित झालेल्या क्षेत्रात अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या जमिनीकडील बाजूस बांधकामास मुभा होती. मुंबईच्या दृष्टीने ही तरतूद कोणत्याही मीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची ठरली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. त्याच दिवशी भरती होती आणि मिठी नदीचे पाणी माहीमच्या खाडीत उतरू शकले नाही. नदीच्या मुखालगत दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिलेले होते. मात्र ते काम १९९१ पूर्वीच सुरू झाले होते. साऱ्या आपत्तीचा दोष सीआरझेडच्या शिथिलतेवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. खरी उणीव दोन नियमनांच्या सांध्यात होती. सीआरझेडचा अंमल भरतीच्या प्रभावापुरता, आणि त्याच्या वरच्या अंगाला पूररेषा. पूरमैदानांविषयीचे नमुना विधेयक केंद्राने १९७५ मध्येच राज्यांकडे पाठविले होते. पुढील पंधरा वर्षांत मणिपूर (१९७८) व राजस्थान (१९९०) यांनीच तसा कायदा केला. महाराष्ट्रात निळी व लाल पूररेषा आली ती पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाने, म्हणजे स्वतंत्र कायद्याविनाच.

६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने खाडीकाठचे १०० मीटर कायम ठेवले, आणि ‘धोका रेषा’ ही नवी संकल्पना आणली. पूर, लाटा, किनाऱ्याची धूप व समुद्रपातळीतील वाढ यांचा विचार करून पाण्याची संभाव्य पोहोच ठरवावयाची, हा तिचा हेतू होता. नियमनात पाण्याच्या भावी वर्तनाला स्थान देण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न म्हणावा लागेल.

तो फार काळ टिकला नाही. शैलेश नायक समितीच्या २०१५ च्या अहवालानंतर आलेल्या १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचे अंतर ५० मीटर केले. न्यायालयाने १९९६ मध्ये नाकारलेला आकडा तेवीस वर्षांनी परतला. धोका रेषा नकाशावर राहिली, परंतु केवळ आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून. बांधकामाच्या परवानगीसाठी मोजणी भरतीरेषेपासूनच होते.