पटवाऱ्याच्या दप्तरातून सर्व्हरवर

लोणार तालुक्यातल्या बीबीत सोयाबीन पेरायचं तर आधी पीककर्ज, आणि पीककर्जाला सातबारा. हा मुळात दोन कागदांचा जोड. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, नमुना बारा सांगतो तिच्यात काय पेरलंय. वऱ्हाडातले जुने लोक या दुसऱ्या भागाला पेरेपत्रक म्हणतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनं वऱ्हाडासकट साऱ्या राज्याला एकच कायदा दिला, पण दप्तर राहिलं पटवाऱ्याकडेच, म्हणजे तलाठ्याकडे. दर दहा वर्षांनी सातबारे हातानं नव्यानं लिहायचे. त्यात एखाद्या बहिणीचं नाव गळायचं, कुठे गुंठे कमी भरायचे. उतारा पाहिजे तर पटवारी गाठा, आणि पटवारी सापडला तर नशीब!

संगणक आला १९८८-८९ च्या केंद्राच्या योजनेतून. देशातले आठ जिल्हे निवडले, त्यात आपल्याकडचा वर्धा. पुढे तालुक्यातालुक्यात नोंदी चढल्या, पण ज्याची माहिती त्याच्या तहसिलीत. ई-फेरफार या ऑनलाइन प्रणालीनं ती एकत्र जोडली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा तिथूनच बापाचा उतारा काढतो. खरेदीखत नोंदलं की फेरफाराची खबर आपसूक तलाठ्याकडे जाते. मागची तारीख टाकून नोंद घुसवणं आता सोपं नाही, आणि माझ्या मते हीच यातली मोठी कमाई.

किंमतही आहेच. पूर्वी एक पटवारी रजेवर गेला तर त्याच्या सज्ज्यातली गावं अडायची. आता सर्व्हर बसला की बीबीपासून सावंतवाडीपर्यंत सगळे अडतात, तेही नेमके पेरणीच्या तोंडावर. पटवाऱ्यावर निदान खेकसता यायचं. शिवाय हस्तलिखितातली चूक संगणकात गेली, की महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करत बसा.

२०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत मात्र शहाणपण दिसलं. रेंज नसली तरी शेतकऱ्यानं बांधावर पिकाचा फोटो काढून ठेवायचा, रेंज आली की पाठवायचा. तशी सोय तलाठ्याच्या कामालाही हवी, माहिती एका जागी असली तरी. तोवर बँकेच्या रांगेत लागण्याआधी, उन्हाळ्यातच आपला उतारा काढा आणि नाव, गट नंबर, क्षेत्र नीट वाचून घ्या.