खांदेरीच्या तोफांचा धूर

थळच्या समुद्रातील खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये दुर्गबांधणी सुरू केली, तेव्हा ती रोखण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी आरमार धाडले आणि १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराशी त्यांची झुंज झाली. तोफेची दारू, म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण, पेटल्यावर तिच्या जेमतेम निम्म्या भागाचा वायू होई आणि उरलेले घन कण पांढऱ्या दाट धुराच्या रूपाने तोफेपुढे रेंगाळत, त्यामुळे वारा पडला की गोलंदाजाला लक्ष्यच दिसत नसे. तोफेच्या नळीत धुमसणारी ठिणगी पुढची दारू अवेळी पेटवील, या धास्तीने प्रत्येक बार उडाल्यावर ओला बोळा लावलेला दांडा आत फिरवीत आणि तापलेल्या धातूवरून चर्र करीत वाफ उसळे. जंजिरा किल्ल्यावरील कलाल बांगडीसारख्या अजस्र तोफेला हा सोपस्कार अधिकच वेळखाऊ असणार.